अहो, धुकं कुठं आहे?

आपल्याकडे काही वस्तू ज्या कामासाठी विकत घेतल्या जातात, ते एक काम सोडून बाकीची सगळी कामं निमूटपणे करत असतात. व्यायामाची सायकल ओले टॉवेल वाळवते. मुलांसाठी हौसेनं करून घेतलेलं अभ्यासाचं टेबल इस्त्रीच्या कपड्यांचा भार वाहतं. काचेच्या कपाटातला टी-सेट पंचवीस वर्षं पाहुण्यांकडे नुसता बघत बसतो आणि पाहुणे बिचारे कान तुटलेल्या कपातून चहा पितात. या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. ओल्या टॉवेलापायी कुणाचा जीव जात नाही. माझी तक्रार आहे ती मोटारीच्या फॉग लाइटबद्दल. धुक्यासाठी म्हणून जन्माला आलेला हा दिवा आपल्याकडे धुकं सोडून इतर सर्व प्रसंगी लागतो. लख्ख चांदण्यात लागतो, वरातीत लागतो, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जातानाही लागतो. आणि एखाद्या पहाटे खरोखरच धुकं पडलं, की मालक हाय बीम लावून समोरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे डोळे फाडून बघत बसतात!

मी मोटारींचा तज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. बॉनेट उघडलं की आत इंजिन असतं, इथपर्यंत माझी विद्या. पण गेली तीस-पस्तीस वर्षं मी रस्त्यानं ये-जा करतो आहे, कधी पायी, कधी स्कूटरवर, कधी चारचाकीत. आणि समोरच्याच्या दिव्यानं आंधळं व्हायला काही तज्ज्ञ असावं लागत नाही. ते भाग्य या देशात सर्वांना समान मिळतं.

आता धुकं म्हणजे काय, ते पाहा. धुकं म्हणजे जमिनीवर उतरलेला ढग. आंबोलीला, महाबळेश्वरला किंवा खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात आपण ज्याच्यात भजी खातो, तो ढगच असतो. त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत असतात आणि प्रत्येक थेंब अंगावर पडलेला प्रकाश चारी दिशांना उधळत असतो. त्यातला काही वाटा उलट फिरून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून आपण जितका जोरकस आणि जितका उंच झोत सोडावा, तितका समोरचा पडदा अधिक पांढरा होतो. धुक्याचं वागणं सरकारी कचेरीसारखं आहे. आपण आवाज चढवला, की काम पुढे सरकायच्या ऐवजी आपल्याच अंगावर येतं.

यावर उपाय काय, हे मोटारींचा शोध लागण्याच्या आधीपासून आपल्या माणसांना ठाऊक होतं. कोकणात रात्री कंदील घेऊन निघालेला माणूस कंदील कधी डोळ्यांसमोर धरत नसे. हात खाली सोडून, गुडघ्याच्या खाली धरी. त्यामुळे उजेड पायवाटेवर पडायचा, डोळ्यांवर नाही. बांधावर आडवा पडलेला जीव दोरी आहे की दुसरा कुणी, हे वेळेवर कळायचं. पुढे विजेची बॅटरी आली, तेव्हा एखाद्या पोरानं ती चुकून समोरच्याच्या तोंडावर मारली, तर अंधारातून खणखणीत आवाज यायचा, "अरे मेल्या, बॅटरी खाली मार!" फॉग लाइटचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. दिवा खाली, झोत खाली, उजेड रस्त्यावर.

मोटार बनवणाऱ्यांनी हेच वाक्य जरा साहेबी भाषेत लिहून काढलं. मोटारींच्या दिव्यांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेला ४८ क्रमांकाचा एक नियम आहे. आपल्याकडचे नियमही त्याच वळणाचे आहेत. त्यात प्रवासी मोटारीच्या पुढच्या फॉग लाइटची जागा मोजून दिली आहे. जमिनीपासून २५ सेंटिमीटरच्या खाली नको, ८० सेंटिमीटरच्या वर नको, आणि काही झालं तरी डिपरच्या दिव्यापेक्षा उंच नको. झोत रुंद आणि चपटा हवा, पसरलेल्या चटईसारखा, आणि त्याची वरची कड सुरीनं कापल्यासारखी हवी. त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ जाऊच नये. दिवा खाली आणि डोळे वर, त्यामुळे उजळलेलं धुकं आपल्या नजरेच्या खालीच राहतं आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, साइडपट्टीवरचे दगड दिसतात. म्हणजे हा दिवा लांबचं दाखवण्यासाठी नाहीच. समईनं अंगणापलीकडचं दाखवावं, अशी अपेक्षा आपण करतो का? समई जमिनीवर ठेवतात, पुरुषभर उंच कपाटावर नाही.

पण हे आमच्या भाच्याला कोण सांगणार? त्यानं मध्यंतरी एक मोठी, उंच, रणगाड्याच्या चुलत घराण्यातली गाडी घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या टपावरच्या कॅरिअरला चार आणि बंपरच्या वर दोन असे सहा 'फॉग लाइट' बसवून घेतले. रात्री गाडी दारात उभी करून, सगळे दिवे लावून त्यानं मला खाली बोलावलं.

"मामा, कशी दिसतेय गाडी?"

"गाडी दिसत नाहीये रे. दिवे दिसताहेत."

"तेच तर! लांबूनच कळलं पाहिजे कोण येतंय ते."

आता, कोण येतंय ते लांबून कळावं यासाठी पूर्वी राजेरजवाडे भालदार-चोपदार ठेवत. पण ते निदान समोरच्याच्या डोळ्यांत भाले खुपसत नसत. टपावरचा दिवा हा फॉग लाइट नव्हेच. धुक्यात तो लावला, तर थेट नजरेसमोरचंच धुकं पेटून उठतं आणि चालकाला स्वतःच्या गाडीचं नाक दिसेनासं होतं. धुकं नसताना लावला, तर तो सरळ सरळ सर्चलाइट. आणि आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, खास परवानगी असल्याशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला १११ व्या नियमानं मनाई आहे. मी हे भाच्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मामा, तू फार वाचतोस."

मग त्यानं ठेवणीतलं शास्त्र काढलं. "हे पिवळे आहेत. पिवळा प्रकाश धुकं भेदून आरपार जातो." ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की तिला आव्हान देणं म्हणजे रात्री दही खाण्यावर वाद घालण्यासारखं आहे. पण विचार करून पाहा. हवेचे कण निळा प्रकाश जास्त उधळतात, म्हणून आकाश निळं दिसतं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात. ते लाल, पिवळा, निळा असा भेदभाव न करता सगळ्यांना सारखंच उधळतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं! पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, हे खरं, आणि नियमांना पांढरा-पिवळा दोन्ही रंग चालतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींच्या हेडलाइटनाही पिवळ्या रंगाची सक्ती होती. ती उठली, दिवे पांढरे झाले, म्हणून फ्रेंच माणूस धुक्यात हरवल्याचं ऐकिवात नाही. महत्त्व रंगाला नाही, जागेला आणि झोताच्या आकाराला आहे.

भाच्याचा पुढचा मुद्दा हा आपला राष्ट्रीय मुद्दा होता. "सगळेच लावतात." त्याला उत्तर नसतं. शेवटचा मुद्दा मात्र खास मध्यमवर्गीय होता, आणि खोटं कशाला बोला, मलाही क्षणभर पटला. "पैसे दिलेत ना मामा, मग लावायचे नाहीत?" मी म्हटलं, "अरे, स्टेपनीचेही पैसे दिलेस. ती काय पाचवं चाक म्हणून रोज फिरवतोस? घरात थर्मामीटर आहे म्हणून आपण जेवणाआधी रोज ताप बघतो का?"

बरं, कोरड्या स्वच्छ रात्री हे दिवे लावून निदान लावणाऱ्याचं तरी भलं होतं का? तेही नाही. गंमत अशी, की गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर फार लख्ख उजळले, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबच्या अंधारातलं कमी दिसायला लागतं. गावाबाहेरच्या रस्त्यावर आपल्याला पाहायचं असतं लांबचं. वळणावर उभी असलेली बैलगाडी, दिवा नसलेला ट्रॅक्टर, म्हैस. आणि आपण उजळत बसतो पायाखालचं डांबर! रस्ता ओला असेल, तर हाच उजेड पाण्यावरून परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खड्ड्यात चाक गेलं की गाडीचं नाक वर होतं आणि खाली बघणारा दिवाही वर बघतो. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची टंचाई नाही, तेव्हा हा नमस्कार-चमत्कार किती वेळा होत असेल, ते तुम्हीच मोजा.

ही झाली पुढच्या दिव्याची कथा. मागच्याची तर आणखी करुण आहे. काही गाड्यांना मागेही एक तांबडा फॉग लाइट असतो. एकच! आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणून तो उजव्या बाजूला किंवा मधोमध असतो. माझ्या गाडीला तो उजवीकडे आहे. एकदा जुलै महिन्यात घाटात समोरचं बंपर दिसेना असं धुकं उतरलं, म्हणून मी तो लावला. वाहतूक तुंबली होती, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. तेवढ्या वेळात तीन परोपकारी गृहस्थांनी काचेवर टकटक करून मला सांगितलं, "काका, मागचा डावा लाइट गेलाय तुमचा." चौथ्यानं तर बल्ब बदलून देणाऱ्याचा पत्ताही दिला. मी प्रत्येकाला समजावलं, की बाबा रे, तो गेलेला नाही, तो मुळातच एक आहे. दोन तांबडे दिवे एकदम पेटले, तर मागच्याला वाटेल ब्रेक लावला. तसा गोंधळ होऊ नये, म्हणून फॉग लाइट ब्रेकच्या दिव्यापासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवायचा असाही नियम आहे. ते मान डोलवत गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर 'म्हातारा बल्बचे पैसे वाचवतोय' हे स्पष्ट दिसत होतं.

हा मागचा दिवा साध्या टेललाइटच्या कितीतरी पट प्रखर असतो, कारण त्याला दाट धुक्यातून मागच्याला हाक मारायची असते. त्याचंच दुसरं टोक असं, की धुकं नसताना तो चालू राहिला, तर मागच्याच्या डोळ्यांत तांबडी सुई टोचत राहते आणि पुढच्यानं खरोखर ब्रेक लावला, तर ते पटकन लक्षात येत नाही. त्याची पिवळसर खूण चालकाच्या समोर, काट्यांच्या शेजारी, सारखी पेटलेली असते. दिव्याचं चित्र, तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ. ती नागमोडी रेघ म्हणजे धुकं. पण एक गृहस्थ मला म्हणाले, "मला वाटलं इंजिन तापलंय, म्हणून आपोआप विझेपर्यंत मी तिकडे बघितलंच नाही."

आणि ज्यांच्या गाडीला मागे असा दिवा नसतो, ते धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी हाकतात. त्यामुळे गाडी चालते आहे, थांबली आहे, की बंद पडली आहे, हे मागच्यानं ज्योतिषाला विचारायचं. डावीकडे वळायचं असेल, तर ते सांगायला इंडिकेटर शिल्लकच नसतो. दिवसा धुक्यात आणखी एक फसगत होते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे पुढचे बारीक दिवे आपोआप लागलेले असतात, म्हणून मालकाला वाटतं दिवे चालू आहेत. प्रत्यक्षात मागे मिट्ट काळोख असतो. धुक्यात डिपर हातानं लावावा, म्हणजे मागचे दिवेही लागतात, एवढी साधी गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दिव्यासाठी हा माणूस एवढा का चिडलाय? सांगतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मास्तर राहतात. वय पंचाहत्तर. चाळीस वर्षं गणित शिकवलं, आणि नाटकाचं वेड असं, की रात्रीचा प्रयोग चुकवायचे नाहीत. स्कूटर काढायची, पत्नीला मागे बसवायचं आणि नाट्यगृह गाठायचं. मध्यंतरी ते एकाएकी नाटकाला जाईनासे झाले. मला वाटलं तब्येत. विचारलं, तर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे हो. नाटकं दुपारची असतील तर जातो. रात्री समोरून ते दिवे आले, की पुढची काही सेकंदं मला रस्ता नसतोच. नुसता पांढरा ठिपका. त्या ठिपक्यात एखादं पोर असलं तर?" त्यांनी स्कूटर विकून टाकली. वय वाढलं, की दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, हे सगळे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. म्हणजे आपण हौसेनं एक बटण दाबतो आणि दोन म्हाताऱ्या माणसांची संध्याकाळ बंद करून टाकतो. त्यांनी कुठे अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. ती दोघं सात वाजता दार लावून घेतात, एवढंच.

१९८९ च्या त्याच नियमांत १०६ वा नियम आहे. पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळवलेला असावा, की ८ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, अशा माणसाला तो दिपवणार नाही. मी हे वाचलं, तेव्हा मास्तरांना उभं करून टेपनं मोजलं. त्यांचा डोळा बरोबर दीड मीटरवर भरला. म्हणजे कायद्यानं ज्याचा विचार केला, तो माणूस आमच्या जिन्यात राहतो! कायद्याला तो दिसला. फक्त आमच्या भाच्याला दिसत नाही.

इतर देशांत काय आहे? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये म्हटलं आहे, की १०० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं, तरच फॉग लाइट लावा, आणि दिसायला लागलं की ते बंद केलेच पाहिजेत. जर्मन माणूस त्याहून हिशेबी. मागचा फॉग लाइट फक्त ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर लावायचा, आणि तेव्हा गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. पन्नासला पन्नास. पाठ करायलाही सोपं.

या जर्मन हिशेबात फॉग लाइटचं खरं मर्म आहे. हा दिवा वेगानं जाण्यासाठी नाहीच, हळू जाण्यासाठी आहे. मास्तरांच्या पद्धतीनं गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धुक्यात ३० मीटरवर उभा ट्रक दिसला. 'अरे बापरे' म्हणून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, म्हणजे २२ मीटर गेले. उरले ८. ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगातली गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर तरी हवेत. उत्तर काय येतं, ते दुसरी-तिसरीतला मुलगाही सांगेल. हेच ताशी ३० नं गेलात, तर १५ मीटरांत सगळं आटोपतं आणि ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलंय ते निवांत वाचता येतं. २०१७ च्या नोव्हेंबरात यमुना एक्सप्रेसवेवर धुक्यात एकामागून एक गाड्या आदळत गेल्या. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. मागून येणारी प्रत्येक गाडी दिसण्यापेक्षा जास्त वेगात होती. तिथे टपावर सहा काय, साठ दिवे असते, तरी ते उपयोगी पडले नसते. धुक्यात कामाला येतो तो उजव्या पायाचा संयम, आणि तो कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून मिळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. दिवा बंपरच्या खालच्या अंगाला, डिपरच्या खाली, झोत जमिनीकडे. टपावरचे काढून टाका. हवं तर गणपतीच्या मांडवाला द्या. बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. "अहो, धुकं कुठं आहे?" दिसलं नाही, तर दाबू नका. दिसलं, तर आधी वेग कमी करा आणि मग दाबा. आणि धुकं विरलं की बंद करा.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड. कारण दिवा लावण्याची आपल्याला फार हौस. बालवाडीचं स्नेहसंमेलन असो की पतपेढीची वार्षिक सभा, दीपप्रज्वलन झाल्याशिवाय आपलं पान हलत नाही. त्याला प्रमुख पाहुणे येतात, फोटो निघतात, टाळ्या पडतात. दिवा वेळेवर मालवायचा सोहळा मात्र अजून कुणी सुरू केलेला नाही. तो गाडीत बसून एकट्यानंच करायचा असतो, तेव्हा प्रमुख पाहुणेही आपणच. टाळ्यांची अपेक्षा करू नका. पण समोरून एखादी जुनी स्कूटर येत असेल, मागे कुणीतरी बसलेलं असेल, नाटकाची वेळ होत आलेली असेल, तर ती न थबकता, न डगमगता तुमच्या शेजारून निघून जाईल. तेवढं बघा आणि पुढे चला.